रॅम 8 जीबी, तरी मेमरी संपली कशी? जावा अ‍ॅपलेटची गोष्ट

ज्यांच्याकडे रेंज एकच काडी असते आणि ऑडिओ अडकत अडकत चालतो, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

मार्च 2017. मी बीटेकला होतो आणि होळीसाठी काठीला घरी आलो होतो. काठीची राजवाडी होळी तुम्हाला माहीतच आहे, रात्रभर ढोल आणि पहाटे होळी पेटते. पण होळीच्या आधीच्या त्या दिवसांत आमच्या घरात वेगळंच टेन्शन होतं. मामा छोटे ठेकेदार आहेत. मार्च एंडचं एक टेंडर ऑनलाइन भरायचं होतं, मुदत संध्याकाळी 5 पर्यंत. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून आम्ही सकाळीच घाट उतरून अक्कलकुव्याला एका ओळखीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसलो.

टेंडरची कागदपत्रं डिजिटल सही करून पाठवावी लागतात. ती सही यूएसबी टोकनमध्ये असते, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. तेव्हा ब्राउझरला थेट डोंगल वाचता येत नसे, म्हणून पानाच्या आत जावाचा एक छोटा प्रोग्राम चालायचा, अ‍ॅपलेट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाही नसेल. क्रोमने त्याला 2015 मध्येच बंदी घातली होती, आणि नेमकं त्याच महिन्यात आलेल्या फायरफॉक्स 52 नेही दार लावलं. राहिलं इंटरनेट एक्सप्लोरर.

फाइल होती 40 एमबीची, रंगीत स्कॅन. अपलोड दाबलं की राखाडी चौकोन गोठायचा, बास. मामा म्हणाले, "अरे, कालच रॅम 4 ची 8 करून आणली ना!"

मुद्दा इथेच आहे. अ‍ॅपलेट लॅपटॉपची सगळी रॅम वापरत नाही. जावा सुरू होतानाच स्वतःसाठी एक हद्द आखून घेतो, तिला हीप म्हणतात. ब्राउझरसाठीच्या 32-बिट जावात ही हद्द आपोआप फार तर 256 एमबी असायची, आणि 2010 च्या आधीच्या व्हर्जनमध्ये तर 64. रॅम 8 करा नाहीतर 16, हद्द तिथेच.

आता 40 ची फाइल 256 मध्ये मावायला काय हरकत? हिशेब करा. मूळ फाइल 40. ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केली की दुसरी प्रत 40. नेटवरून पाठवण्यासाठी ती अक्षरांच्या रूपात बदलली की एक तृतीयांशाने फुगून साधारण 53. आणि जावा 8 मध्ये स्ट्रिंगच्या प्रत्येक अक्षराला 2 बाइट लागतात, म्हणून तीच गोष्ट स्ट्रिंगमध्ये 107. झाले 240! साध्या पद्धतीने लिहिलेलं अ‍ॅपलेट इथेच झोपतं.

अंदाजावर जायचं नव्हतं, म्हणून आधी जावा कन्सोल चालू केला. कंट्रोल पॅनलमध्ये जावा, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, तिथे "शो कन्सोल". अ‍ॅपलेट उघडलं की एक खिडकी येते. त्या खिडकीत इंग्रजी एम दाबला की किती मेमरी घेतली आणि किती शिल्लक आहे ते छापून येतं. मला ही भारी आवडलेली सोय, कोणीच वापरत नाही. आकडा अडीचशेच्या आसपास अडकलेला, खाली लाल अक्षरांसारखी अंगावर येणारी ओळ: आउट ऑफ मेमरी, जावा हीप स्पेस. रोग सापडला.

औषध जावा टॅबमध्ये असतं. "व्ह्यू" दाबा, यादी उघडते, तिच्यात रनटाइम पॅरामीटर्सचा रकाना. तिथे लिहायचं: वजा चिन्ह, कॅपिटल एक्स, लहान एम, लहान एक्स, लगेच 1024, शेवटी लहान एम. मध्ये स्पेस नाही. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, एम दाबला… आकडा तोच!

अर्धा तास गेला. मग दिसलं की यादीत दोन ओळी आहेत, एक 64-बिट जावाची, एक 32-बिटची. मी 64 च्या ओळीत लिहिलं होतं आणि एक्सप्लोरर वापरत होता 32 वाला. बरोबर ओळ धरली, पण घाईत हावरटपणा केला आणि 2048 टाकलं. आता अ‍ॅपलेट सुरूच होईना. कारण 32-बिट प्रोग्रामला विंडोज साधारण 2 जीबीचाच पत्ता देते, आणि जावाला हीपसाठी त्यात सलग मोकळी जागा लागते. आधीच मध्ये मध्ये इतर फाइली बसलेल्या, मग एवढा मोठा सलग तुकडा मिळणार कुठून? घाटात एसटी वळवायला लागते तशी जागा, दोन्हीकडे थोडी थोडी असून उपयोग नाही. 768 केलं. टास्क मॅनेजरमधून मागे लटकलेली जावाची प्रोसेस मारली, नाहीतर जुनीच सेटिंग चालू राहते. आणि चाललं!

खरं सांगू? सेटिंगच्या आधी मी फाइलकडे बघायला हवं होतं. नंतर तीच कागदं काळी-पांढरी, कमी डीपीआयवर स्कॅन केली तर 4 एमबीच्या आत आली. मग 256 सुद्धा उगाच जास्त वाटले असते.

तुमच्या फोनमध्येही हाच प्रकार आहे बरं का. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला हीपची हद्द ठरवून देते. सुरुवातीच्या फोनवर ती 16 एमबी होती. म्हणून 8 जीबीच्या फोनवरही एखादं फोटोचं अ‍ॅप मेमरी संपली म्हणून बंद पडतं.

अ‍ॅपलेट आता जवळजवळ संपलंय. 2018 च्या जावा 11 मधून ब्राउझरचा प्लगइनच काढला, जून 2022 मध्ये एक्सप्लोररही बंद झाला. तरी एखाद्या ऑफिसात जुनं मशीन अडून बसलं असेल तर जावा 8 आणि एजचा आयई मोड लागेल, आणि त्यातही 32-बिटचीच ओळ आधी बघा.

मामांचं टेंडर 4:40 ला गेलं. काम दुसऱ्याला लागलं, पण ते दरामुळे. त्या आठवड्यात मामा होळीला मात्र पहाटेपर्यंत नाचले.