विषाणूच्या नकला बिघडवणारे औषध



औषध फवारले की मावा मरून पडतो, हे आपण नेहमी पाहतो. विषाणूशी लढण्याची एक तऱ्हा मात्र निराळीच आहे. त्याला विष घालायचे नाही, त्याच्या नकला बिघडवायच्या!

विषाणू आपल्या शरीरातील पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या असंख्य नकला काढतो. कोरोनाच्या विषाणूचा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा. आता असे समजा, की सातबाऱ्याची नक्कल हाताने उतरवली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. एखादे अक्षर चुकले तर निभावते. पण दर नकलेत चुका वाढत गेल्या, तर शेवटी ना गट नंबर लागतो, ना नाव. तो कागद रद्दीच!

मोलनुपिराविर हे औषध नेमके हेच करते. ते विषाणूच्या मजकुरात एक तोतया अक्षर घुसवते. चुका साचतात आणि पुढची पिढी निकामी निघते.

हे औषध आपल्याकडेही आले. आजार बळावण्याचा धोका असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी २८ डिसेंबर २०२१ रोजी भारतात त्याला तातडीची मंजुरी मिळाली. पाच दिवसांत ४० कॅप्सूल घ्यायच्या. पण जानेवारी २०२२ मध्येच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी सावध केले. पोटातल्या गर्भाला आणि कूर्चेला इजा होण्याची भीती होती. औषध घेतल्यावर स्त्री-पुरुष दोघांनीही तीन महिने गर्भधारणा टाळावी, असे त्यांनी सांगितले. सरकारी उपचारपद्धतीत ते घेतले गेले नाही.

पुढे ब्रिटनमध्ये २५ हजारांवर लोकांवर पाहणी झाली. बहुतेकांनी लस घेतलेली होती. औषधाने त्यांना लवकर बरे वाटले, पण दवाखान्यात भरती होणे काही कमी झाले नाही. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांना या औषधाच्या खुणा असलेले, तरीही जिवंत राहिलेले विषाणू सापडले. म्हणजे चुकांचे ओझे घेऊनही काही तगतात.

नाशिकजवळच्या अंबडला काय किंवा तुमच्या गावाला काय, औषधाचे दुकान आता हाकेच्या अंतरावर असते. म्हणून एवढे ध्यानात ठेवा: शेजाऱ्याच्या घरी उरलेल्या गोळ्या आपल्या घरात आणू नका. घरात नवी सून असेल, कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आजारापेक्षा इलाज भारी पडता कामा नये.