६४ अक्षरांचे सील

१ जुलै २०२४ ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात एक नवी जागा भरावी लागते: हॅश मूल्य. पवनीच्या शेतकऱ्याने बांधाच्या वादात मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण असो की तुमसरच्या दुकानातले सीसीटीव्ही, भंडाऱ्याच्या न्यायालयात ते द्यायचे तर ही जागा कोरी ठेवून चालत नाही. प्रमाणपत्राचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅश दोन्हींत लिहायचा आणि तो एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ की आणखी कोणत्या पद्धतीने काढला, त्यावर खूण करायची.

यामागे महाराष्ट्रातला एक गाजलेला खटला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका दाखल केली. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण हा पुरावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणता येत नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण तेव्हाच्या कायद्यात त्या प्रमाणपत्रात हॅश लिहिण्याची सक्ती नव्हती. प्रत कुणी दिली हे कळायचे; मधल्या काळात ती बदलली का, हे कागदावरून कळत नव्हते. नव्या कायद्याने ती फट बुजवली आणि हे फार चांगले झाले.

फाइल दोन ओळींची असो की दोन तासांच्या चित्रीकरणाची, तिचा प्रत्येक बाइट एका ठरलेल्या गणितातून जातो आणि शेवटी ठरावीक लांबीचा आकडा हाती येतो, तोच हॅश. एसएचए-२५६ मध्ये तो २५६ बिटांचा असतो. लिहिला की ६४ अक्षरे होतात. मुद्देमालावरच्या लाखेच्या सीलसारखे त्याचे काम आहे. आत काय आहे ते सील सांगत नाही, पण कुणी हात लावला तर लपत नाही. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅशमधले साधारण निम्मे बिट बदलतात.

हे काढायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पायथन या भाषेत हॅशलिब ही लायब्ररी २००६ पासून सोबतच येते. तिच्यातून एसएचए२५६ घ्यायचे, 'अपडेट'ने त्याला बाइट पुरवत जायचे आणि 'हेक्सडायजेस्ट'ने निकाल मागायचा. चित्रीकरण मोठे असेल तर तुकड्या-तुकड्याने पुरवले तरी उत्तर तेच येते, ३.११ या आवृत्तीपासून तर सबंध फाइलसाठी 'फाइल डायजेस्ट' हे तयार फंक्शनच आहे. फाइल मात्र बायनरी पद्धतीनेच उघडावी. मजकूर म्हणून उघडली तर ओळींच्या शेवटची चिन्हे वाचतानाच बदलू शकतात आणि मग हॅश जुळत नाही.

मराठी मजकुराचा हॅश काढताना खरी कसोटी लागते. हॅशलिबला थेट मराठी अक्षरे दिली तर ती चूक दाखवून थांबते. आधी अक्षरांचे बाइट करावे लागतात, बहुधा यूटीएफ-८ मध्ये. 'भंडारा' या शब्दात सहा संकेत आहेत, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १८ बाइट. इथवर सरळ आहे. आता 'भंडाऱ्याचा' लिहून पाहा. यातला ऱ यूनिकोडमध्ये एक स्वतंत्र संकेत आहे. तसा लिहिला तर शब्दाचे ३० बाइट होतात. तोच ऱ 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत जोडूनही होतो. मग ३३ बाइट. काही कीबोर्ड र, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून तोच आकार उमटवतात. तेही ३३, पण वेगळे. पडद्यावर तिन्ही सारखे, हॅश मात्र तीन.

धान खरेदीसाठी नोंदवलेल्या शेतकऱ्यांच्या दोन याद्या हॅशने ताडून पाहायच्या ठरवल्या, तर एखादे 'वऱ्हाडे' आडनाव दोन माणसे होऊन बसेल. पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलमधले एनएफसी रूप पहिले दोन प्रकार एक करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो. हे सारे याद्या जुळवण्यापुरते. पुराव्याच्या फाइलला असे काहीही करायचे नाही, ती आहे तशीच्या तशी मोजायची.

अशाच यादीतले आधार क्रमांक हॅश करून ठेवले म्हणजे लपले, असेही कुणी समजू नये. बारा अंकी आकडे फार तर एक लाख कोटी. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर ते सगळे काही मिनिटांत तपासून होतात.

आता प्रमाणपत्रातल्या त्या खुणेच्या चौकटींबद्दल. एमडी५ ही पद्धत रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचली. २००४ मध्ये वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या वेगवेगळ्या नोंदी तयार करून दाखवल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलने एसएचए-१ चेही तेच केले, दोन वेगळ्या पीडीएफ घेऊन. दुसऱ्याच्या जुन्या फाइलशी हॅश जुळेल अशी नवी फाइल बनवणे आजही आवाक्याबाहेर आहे. पण फाइल बनवणाराच खोटेपणा करणार असेल, तर एक खरी आणि एक खोटी अशी जोडी तो आधीच तयार ठेवू शकतो. न्यायालयात तर दोन पक्षांचा एकमेकांवर विश्वासच नसतो. म्हणून एमडी५ आणि एसएचए१ या दोन्ही चौकटी प्रमाणपत्रातून काढून टाकायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वकिलांनी आणि पक्षकारांनी एसएचए२५६ वरच खूण करावी. व्हॉट्सअॅपवर फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत मूळ समजू नये. पाठवताना ती दाबून लहान केली जाते आणि हॅश बदलतो. मूळ फोन जपून ठेवा, आणि हॅश खटला उभा राहीपर्यंत थांबून नव्हे, चित्रीकरण केले त्याच दिवशी काढून तारखेसह लिहून ठेवा.