साडेपाच परगण्यांचा हुंडा

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचा कडा उभा राहतो. दम लागेपर्यंतची चढण, धुके आणि वर भगवे निशाण. आमच्या सोलापूरचा किल्ला तसा नाही. तो भुईकोट आहे. पार्क मैदानावरून चालत निघालात तर चपलेला धूळ लागायच्या आत तुम्ही त्याच्या तटाशी पोहोचता. पूर्वेला सिद्धेश्वराचा तलाव, उरलेल्या तिन्ही बाजूंना खंदक आणि आत एकामागे एक असे दोन तट. लहानपणी आम्ही तिथे बागेत खेळायला जायचो. हा राजेरजवाड्यांचा किल्ला आहे, हे आमच्या गावीही नव्हते.

बहमनी राजवटीत, म्हणजे साधारण चौदाव्या शतकात हा किल्ला उभा राहिला असे मानतात. आत त्याहून जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, बत्तीस खांबांची इमारत आहे. पण आज मला दगडांविषयी फारसे बोलायचे नाही. सोळाव्या शतकात या किल्ल्याच्या नावाने ज्या मुली बोहल्यावर उभ्या राहिल्या, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

आधी जागा समजून घेऊ. बहमनी राज्य फुटले आणि त्यातून अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही उभी राहिली. सोलापूर या दोघांच्या मधोमध. भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या मातीचा, ज्वारीचा मुलूख. इथून विजापूर शंभरेक किलोमीटरवर. वाटेत आडवा येणारा डोंगर नाही, घाट नाही. ज्याच्या हाती सोलापूर, त्याच्या हाती शेजाऱ्याच्या दाराची कडी. म्हणून दोन्ही सुलतानांना ते हवे होते.

त्याच्यासोबत यायचे साडेपाच परगणे. हा अर्धा परगणा कुठून आला, याचे मला फार दिवस नवल वाटे. उत्तर अगदी घरगुती आहे. परंड्याचा किल्लेदार ख्वाजा जहान आणि सोलापूरचा किल्लेदार जैनखान हे सख्खे भाऊ. दोघांत मिळून परगणे अकरा. अकराची वाटणी केली की साडेपाचच येणार! आपल्याकडे बांधावरून भावाभावांत जे होते, तेच इथे झाले. एक भाऊ निजामशहाकडे धावला, दुसरा आदिलशहाकडे. घरातली वाटणी दोन राज्यांचे भांडण होऊन बसली.

पुढे विजापूरच्या गादीवर इस्माईल आदिलशहा आला. तो अजून लहान होता. कारभारी कमालखान याने 1511 च्या सुमारास सोलापूर जिंकले आणि त्या यशाच्या भरात थेट गादीवरच डोळा ठेवला. त्याला आडवी आली इस्माईलची आई, बुबुजी खानम. ही बाई मूळची कोण? मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. यूसुफ आदिलशहाने तिच्याशी लग्न केले होते. तिने कमालखानाचा काटा काढवला आणि त्याच्या मुलाने वाड्याला वेढा घातला तेव्हा चिलखत घालून ती बायामाणसांसह लढायला उभी राहिली. मुलाची गादी तिने राखली.

या बुबुजीची मुलगी मरियम. आपली खरी गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

1524 साली दोन्ही सुलतान सोलापुरात भेटले. इस्माईलने आपली बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली. नवरदेवाचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मणाचे, नवरीची आई मराठा. आपण आज ज्यांच्यामध्ये उंच भिंती उभ्या करतो, ते सारे त्या एका मांडवात होते. लग्न थाटात झाले. याद्यांच्या वेळी विजापूरच्या असदखानाने शब्द दिला होता की, हुंड्यात सोलापूर आणि साडेपाच परगणे मिळतील. वरात अहमदनगरला पोहोचली आणि बुऱ्हाणने किल्ला मागितला. इस्माईल म्हणाला, असा शब्द मी दिलेलाच नाही. नोकराने परस्पर काही कबूल केले असेल तर त्याला मी काय करू?

झाले. पुढल्याच वर्षी निजामशाही फौजा सोलापूरवर चालून आल्या आणि हरून परत गेल्या. इतिहासाची पुस्तके लढाईपाशी थांबतात. पण मरियम कुठे होती? ती अहमदनगरच्या महालात होती. तिथे आमिना नावाची, पूर्वी नाच-गाणे करणारी बुऱ्हाणची लाडकी पत्नी आधीपासून पट्टराणी होती. मरियमचा तिथे पाणउतारा होई, तिने माहेरी भावाकडे तक्रार केली, असे फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता आधी अहमदनगरला होता, 1589 पासून विजापूरच्या दरबारी. दोन्ही घरांचे मीठ खाल्लेला माणूस. मरियमसाठी त्याने मोजक्याच ओळी खर्च केल्या आहेत, पण मला त्या पुरल्या. हुंडा न आणलेली सून, थोरली सवत आणि माहेर दोनशेवर किलोमीटर दूर. यापुढचे सांगायला इतिहासकार कशाला हवा?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इस्लामी निकाहात देणे असते ते वराकडून वधूला. त्याला मेहर म्हणतात आणि तो तिचा हक्क. मुलीच्या बापाने देण्याचा जहेज ही रूढी आहे. सुलतान असोत की विणकर, धर्मात जे नव्हते ते रूढीने आणले आणि आम्ही ते मुकाट्याने पाळत आलो.

पुढची पंचवीस-तीस वर्षे किल्ला धगधगत राहिला. विजयनगरची मदत घेऊन बुऱ्हाणने अखेर तो घेतला. मग आदिलशहाने विजयनगरशी दोस्ती करून सूड उगवला. त्या काळच्या दोस्त्या-दुष्मन्या धर्म पाहून होत नसत, मुलूख पाहून होत, हे यावरून ध्यानात येईल. शेवटी विजयनगरच्या रामरायाचा जोर सगळ्यांनाच जड झाला आणि 1564 मध्ये दोन्ही शाह्यांनी सलोखा केला. सलोखा कसा? पुन्हा लग्ने. यावेळी साटेलोटे. विजापूरची हदिया सुलताना अहमदनगरच्या मुर्तजाला दिली आणि अहमदनगरची मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला. तिच्यासोबत हुंडा म्हणून सोलापूर. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर कोसळले. त्या युतीचा पाया या दोन मुलींच्या पालख्यांवर उभा होता.

सोलापूर घेऊन विजापूरला गेलेली ती मुलगी म्हणजे चांदबीबी. तेव्हा तिचे वय चौदा-पंधराच्या आसपास असावे.

चांदबीबीची पुढची हकिकत आपण शाळेत वाचलेली असते. 1580 मध्ये नवरा मारला गेला. तिने लहानग्या इब्राहिमला, म्हणजे नवऱ्याच्या पुतण्याला गादीवर बसवून सांभाळले. दरबाऱ्यांनी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, तिथून ती सुटून आली. मोगलांनी 1595-96 मध्ये अहमदनगरला वेढा घातला तेव्हा सुरुंगाने पडलेले तटाचे खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. 1600 साली मात्र, मोगलांशी तहाची बोलणी करते म्हणून, तिच्याच माणसांनी तिला ठार केले. पण या सगळ्याच्या मधली एक हकिकत सहसा सांगितली जात नाही.

1584 मध्ये चांदबीबी विजापूरहून माहेरी अहमदनगरला आली. सोबत एक नवरी होती, इब्राहिमची बहीण खदिजा. तिचे लग्न निजामशहाचा मुलगा मिरान हुसेन याच्याशी ठरले होते. नवरी दारात आली आणि अहमदनगरचा कारभारी सलाबतखान अडून बसला. म्हणाला, आधी सोलापूर हुंड्यात द्या, मग लग्न लावू. विजापूरने नकार दिला. लग्न रेंगाळले, फौजा हलल्या. जिच्या स्वतःच्या हुंड्यात हेच सोलापूर गेले होते, ती चांदबीबी आता दुसऱ्या मुलीला घेऊन त्याच किल्ल्यापायी ताटकळत होती. खदिजाच्या नशिबी सुख आले नाही. 1589 मध्ये तिचा नवराही मारला गेला.

अहमदनगरजवळच्या डोंगरावर एक उंच, अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. सहली जातात, फोटो काढतात. खरे तर ती कबर आहे, आणि तिच्यात निजलेला आहे तोच सलाबतखान!

किल्ल्याचे पुढचे झटपट सांगतो. 1625 च्या सुमारास मलिक अंबरने तो जिंकला. 1636 च्या तहात तो पुन्हा विजापूरकडे आला आणि 1668 मध्ये मोगलांना द्यावा लागला. 1685 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेण्याआधी इथेच छावणी टाकली. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. ज्या सीमेसाठी एवढे झाले, ती सीमाच उरली नाही.

आता थोडे घरचे. माझे अब्बा सोलापुरात यंत्रमागावर काम करत. त्यांचे स्वतःचे दोन माग होते. आपाचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी नववीत होतो. याद्यांच्या बैठकीत एका नातलगाने परस्पर शब्द दिला, ‘एक माग मुलाच्या नावे करतील.’ अब्बा गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा झाला. एका मागावर घर चालत नव्हते, त्यामुळे माग देता आला नाही. पुढची चार वर्षे आपा सणाला आली की तिच्या बोलण्यात सासरचा एक शब्द नसे. ती भाकऱ्या थापत बसे आणि अब्बा मला म्हणत, चल, किल्ल्यात फिरून येऊ. खंदकाच्या कडेने आम्ही न बोलता चालायचो. अखेर त्यांनी एक माग विकून पैसे पोचते केले. मग आपाच्या सासरी तिला नावाने हाक मारू लागले.

बी.ए.ला असताना फिरिश्त्याचा इतिहास वाचनालयात हाती पडला. मरियमची हकिकत वाचून मी पुस्तक मिटले आणि घरी आलो. ‘शब्द मी दिलाच नाही’ हे वाक्य मला ओळखीचे वाटले. इस्माईलमध्ये मला तो नातलग दिसला, आणि खरे सांगायचे तर गप्प बसलेले अब्बाही दिसले.

दोन वर्षांपूर्वी आपाला किल्ल्याच्या बागेत घेऊन गेलो. बाकावर बसून तिला ही सगळी हकिकत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच विचारले, ‘मरियमला न्यायला कुणी आलं होतं का रे?’

मी म्हणालो, भाऊ भांडला, पण ते तिच्यासाठी की सोलापूरसाठी, ते कळत नाही. मग आठवले म्हणून सांगितले, मरियमला एक मुलगा होता, शाहअली. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले, राज्य बुडाले असे वाटले, तेव्हा मलिक अंबरने शाहअलीच्या मुलाला परंड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. म्हणजे हुंडा न आणलेल्या त्या सुनेच्या नातवाने बुडती निजामशाही पुढे नेली. आणि तीही कुठून? वाटणीतल्या दुसऱ्या भावाच्या किल्ल्यातून!

आपा हसली. म्हणाली, ‘म्हणजे सासरी बोलायला तोंड झालं तिला.’ मग पदराने डोळे पुसत उठली.

गेल्या वर्षी आपाच्या धाकट्या मुलीचा निकाह झाला. बैठकीत पहिल्यांदा आपाच बोलली. आमच्याकडून काही मिळणार नाही, मेहर मात्र मांडवातच मुलीच्या हातात पडला पाहिजे, असे तिने सांगितले. मुलाकडचे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले, पण कबूल झाले. काझीसाहेबांनी मेहरची रक्कम सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. मी साक्षीदार होतो. सही करताना मला मरियम आणि खदिजा आठवल्या.

सोलापूरचा किल्ला पाहायला जरूर या. तो बहमनींचा, आदिलशहाचा, निजामशहाचा की पेशव्यांचा, असे तिथे कुणीतरी विचारतेच. सगळी नावे सांगा. आणि वेळ असेल तर त्या तीन मुलींचीही सांगा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)