रक्तातला विषाणू मोजतात कसा?



एचआयव्ही म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांना मुंबईतला १९९० च्या आसपासचा काळ आठवतो. चांगले औषध हाताशी नव्हते आणि लागण झालेल्याचे ताट-पेलाही वेगळे ठेवत. आता काळ बदलला, पण मनातली भीती काही गेली नाही. म्हणून नेदरलँड्समधली ही थोडी माहिती.

एचआयव्ही हा विषाणू शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी करतो. मुलांनो, तो इतका लहान की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचा नाही! मग मोजायचा कसा? त्याच्या पोटात आरएनए नावाचा धागा असतो, तो शोधायचा. १९९० साली अ‍ॅमस्टरडॅमचे डॉ. रेने बूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा धागा रक्तातून वेगळा काढण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. वाळूत असते त्या सिलिकाच्या बारीक कणांना हा धागा चिकटतो, बाकीचे सारे धुऊन टाकतात. मग यंत्रात त्याच्या पुष्कळ प्रती काढून मूळ संख्या ठरवतात. याला व्हायरल लोड म्हणतात.

एक मिलिलिटर, म्हणजे साधारण २० थेंब रक्तद्रवात औषधाविना ही संख्या लाखावरही जाते. रोज नेमाने गोळ्या घेतल्या की बहुतेकांची ती काही महिन्यांत ५० च्या खाली येते. अ‍ॅमस्टरडॅमची 'स्टिख्टिंग एचआयव्ही मॉनिटरिंग' ही संस्था २००१ पासून देशभरच्या उपचार केंद्रांतून ही माहिती रुग्णाचे नाव न घेता गोळा करते. त्यावरून उपचार किती लागू पडतात ते कळते.

या आकड्याचा उपयोग घरातही होतो. युरोपातल्या १४ देशांत ८८८ जोडप्यांचा अभ्यास झाला. एकाला लागण, दुसऱ्याला नाही. व्हायरल लोड २०० च्या खाली असताना एकालाही जोडीदाराकडून लागण झाली नाही, असे २०१६ साली जाहीर झाले. आणि एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने तर हा रोग कधीच लागत नव्हता.

मात्र विषाणू शरीरात लपून राहतो. गोळ्या थांबवल्या की तो पुन्हा वाढतो. म्हणून औषध चालू ठेवायचे व ठराविक काळाने तपासणी करायची.

तोरामध्ये मिर्याम सात दिवस छावणीबाहेर होती. तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. आपणही कुणाला मागे टाकून पुढे जाऊ नये.