वरिष्ठ कोण, कनिष्ठ कोण?

आपल्या राज्याच्या विधिमंडळाचीं सभागृहें दोन. विधानपरिषदेस वरिष्ठ म्हणतात व विधानसभेस कनिष्ठ; परंतु सत्ता मात्र कनिष्ठाच्या हातीं आहे. असें कां, हें जाणून घेण्याजोगें आहे.

१८६१ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्याचें कायदे करणारें कौन्सिल १८६२ सालीं प्रथम भरलें. त्याचे सारे सभासद सरकारनियुक्त असत. लोकनियुक्त सभासद पुढें हळूहळू वाढले. पाऊणशें वर्षें हें एकच सभागृह होतें. १९३५ च्या कायद्यानें दोन झालीं, व १९३७ च्या जुलैंत १७५ सभासदांची असेंब्ली आणि सुमारें तीस सभासदांचें कौन्सिल भरलें. जुनें नांव कौन्सिलच्या वाट्यास आलें, पण तिजोरीची किल्ली असेंब्लीकडे गेली. कारण खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार तिचाच होता. कौन्सिलचे मतदार मोजके व बहुधा मिळकतदार. तथापि इतर विधेयक तें बारा महिने अडवूं शके. त्यानंतर गव्हर्नरास दोहोंची संयुक्त बैठक बोलावितां येई.

इंग्लंडांतही ओघ हाच होता. १९०९ सालीं लॉर्डांच्या सभेनें अंदाजपत्रक फेटाळलें. तेव्हां १९११ च्या कायद्यानें तिला बहुतेक विधेयकें केवळ दोन वर्षें लांबवितां येऊं लागलीं, व १९४९ पासून एकच वर्ष.

आपली राज्यघटना याही पुढें गेली. परिषद धनविधेयक चवदा दिवस, व इतर विधेयक प्रथम तीन महिने आणि विधानसभेनें तें पुन्हां संमत केल्यास आणखी एक महिना ठेवूं शकते. पुढें तें संमत झालें असेंच समजतात. मंत्रिमंडळही विधानसभेसच जबाबदार. इतकेंच नव्हे, विधानसभेनें विशेष बहुमतानें ठराव केल्यास संसद परिषदच रद्द करूं शकते. पश्चिम बंगालमध्यें १९६९ सालीं तसें घडलें.

मग परिषद निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत परिषदेचे सभापति होते. १९७७ सालीं त्या योजनेचा कायदा झाला, व काम मागणाऱ्या खेडुतास काम मिळण्याचा हक्क लाभला. सत्ता थोडी असली तरी सल्ला थोर असूं शकतो.

तुमचे मातापिता शिर्डी मतदारसंघांतून विधानसभेचा सभासद निवडतात. माध्यमिक शाळांचे शिक्षक नाशिक विभागांतून परिषदेचाही एक निवडतात. ज्यास अधिक लोकांपुढें उत्तर द्यावें लागतें त्याच्याकडे सत्ता गेली, हें न्याय्यच झालें. परंतु चार महिन्यांचा तो अवकाश फुकट दवडण्यासाठीं नव्हे. घाईनें केलेला कायदा पुन्हां वाचून पाहण्यासाठीं आहे. तो वाचला जातो कीं नाहीं, हें पाहणें मतदारांचें काम, आणि उद्यां तें तुमचें होणार आहे.