मोठ्या कंपन्या, एक्स्चेंज आणि नोकरीतला विमा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘ओबामाकेअर (२०१० चा आरोग्य विमा कायदा) आलं की मोठ्या कंपन्या आपल्या माणसांचा आरोग्य विमा बंद करून त्यांना सरकारी एक्स्चेंजकडे पाठवणार,’ असं अमेरिकेत २०१० पासून छातीठोकपणे सांगितलं जात होतं. एक्स्चेंजवरचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारपेठेतला, विमा २०१४ मध्ये सुरू झाला. पण आजही पंधरा कोटींहून अधिक लोकांचा विमा नोकरीतूनच येतो.

भाकितामागचं गणित वरवर पटण्यासारखं होतं. पन्नास किंवा त्याहून अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीने विमा दिला नाही, तर तिला दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये तो पहिले ३० कर्मचारी वगळून माणशी २,९७० डॉलर होता. त्याच वर्षी नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचारी भरत होता आणि उरलेले १९ हजारांवर कंपनी. मग दंड भरून मोकळं का होऊ नये? कारण कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही आणि कंपनीलाही तो खर्च म्हणून वजा करता येतो. दंडाची वजावट मिळत नाही. विमा काढून घेतला तर लोक पगारवाढ मागणार, आणि पगारावर दोघांनाही कर आहे. शिवाय चांगल्या पगाराच्या माणसाला एक्स्चेंजवर सबसिडी फारशी मिळत नाही. तो सरळ विमा देणाऱ्या दुसऱ्या कंपनीत जाईल.

दुसरा गैरसमज २०१३ मध्ये झाला. वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीने सुमारे १ लाख ६० हजार कर्मचाऱ्यांना ‘एक्स्चेंज’वर नेण्याचं जाहीर केलं आणि अनेकांना वाटलं, हेच ते ओबामाकेअर. प्रत्यक्षात तो एऑन हेविट या सल्लागार कंपनीचा खासगी एक्स्चेंज होता. सिअर्स आणि डार्डन त्याआधीच तिथे गेले होते. तिथेही योजनांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी नावं, म्हणून गोंधळ आणखी वाढला. कंपनी एक ठरावीक रक्कम देते. कर्मचारी स्क्रीनवर वेगवेगळ्या विमा कंपन्यांच्या योजना पाहून निवडतो आणि वरचा फरक पगारातून भरतो. निवड वाढते, हे खरं. पण हप्ते जितके वाढतात तितकी कंपनीची रक्कम वाढली नाही, तर भार कर्मचाऱ्यावर येतो. ‘निवडीचं स्वातंत्र्य’ हे शब्द ऐकले की आधी ही रक्कम दरवर्षी किती वाढणार, ते विचारावं.

२०१८ पर्यंत चार कोटी लोक खासगी एक्स्चेंजवर असतील, असा अंदाज ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीने वर्तवला होता. तसं झालं नाही. कारण बहुतेक मोठ्या कंपन्या क्लेमचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून देतात. विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्यामुळे अशा योजनांना राज्यांचे विमा नियम सहसा लागू होत नाहीत. ही मोकळीक सोडून कोण जाईल?

म्हणजे भीती अगदीच निराधार होती का? तसंही नाही. ती खरी ठरली कडेच्या लोकांच्या बाबतीत. ट्रेडर जोज आणि टार्गेट या दुकानांच्या साखळ्यांनी आठवड्याला तीस तासांहून कमी काम करणाऱ्यांचा विमा थांबवला. आयबीएमने मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) वयाच्या सुमारे १ लाख १० हजार निवृत्तांना खासगी एक्स्चेंजकडे वळवलं. ज्यांना टिकवून धरण्याची कंपनीला गरज कमी, त्यांच्याबाबतीत हे आधी घडलं, आणि मला तीच गोष्ट सर्वांत खटकते.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांत आणखी एक समज ऐकू येतो: सरकारी एक्स्चेंज फक्त सिटिझनांसाठी. तसं नाही. एच-१बीवर कायदेशीर राहणाऱ्यालाही तिथे विमा विकत घेता येतो, सबसिडीचे नियम मात्र वेगळे. ले-ऑफ झाला तर ‘कोब्रा’ कायद्याखाली कंपनीचाच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, वर दोन टक्क्यांपर्यंत शुल्क. म्हणून कोब्राचा फॉर्म भरण्याआधी एक्स्चेंजवरचे दर पाहावेत. नोकरीतला विमा संपल्यापासून ६० दिवसांत तिथे योजना निवडावी लागते. ती मुदत हुकली, तर सहसा पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (वार्षिक नोंदणीच्या काळापर्यंत) थांबावं लागतं.