गाडीचा कासरा ढिला झाला तर

बंडी हाकणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कासरा हातात नीट धरायचा. कासरा ढिला सोडला, की बैल आपल्या मनानं चालतात. एक बैल धुऱ्यावरच्या गवताकडे ओढतो. दुसरा सावलीकडे ओढतो. बंडी चाकोरी सोडते.

मोटारीलाही असाच कासरा असतो. ड्रायव्हरच्या हातात जे गोल चक्र असतं, त्याला आपण स्टिअरिंग म्हणतो. या कासऱ्याचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात असतं. दुसरं टोक पुढच्या दोन चाकांना जोडलेलं असतं. मधे दोर नसतो. मधे लोखंडी दांडे, सांधे आणि एक पेटी असते. हे सांधे झिजले, की मोटारीचा कासरा ढिला होतो.

जऊळक्याचं उदाहरण घेऊ. समजा, तिथल्या एका शेतकऱ्यानं जुनी पिकअप विकत घेतली. सोयाबीन आणि तूर वाशिमच्या बाजार समितीत न्यायची. येताना खत, बियाणं आणायचं. गाडी कामाची आहे. इंजिनाचा आवाज चांगला आहे. पण रस्त्यावर गाडी सरळ चालत नाही. थोडी डावीकडे जाते, थोडी उजवीकडे जाते. चक्र सारखं इकडून तिकडे हलवावं लागतं. खड्डा लागला, की हाताला हिसका बसतो.

शेतकरी म्हणतो, "जुनी गाडी हाय. सवय होऊन जाईल."

इथंच चूक होते. माणसाला सवय होते, पण सांधा झिजायचा थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढं जाते. समोर अचानक शेळी आली. तुम्ही चक्र फिरवलं. पण आधी ढिलेपणा भरून निघाला आणि मग चाकं वळली. यात अर्धा सेकंद गेला, तरी गाडी ८ मीटर पुढं गेलेली असते. गाडीत पोती भरलेली असली, तर ती सावरणं आणखी कठीण. आणि एखादा सांधा पुरता निखळला, तर मग चक्र हातात राहतं आणि चाकं वाटेल तिकडे जातात.

चाकं कशी वळतात?

बंडीची चाकं स्वतः वळत नाहीत. बैल वळतात आणि त्यांच्यामागं बंडी वळते. चार चाकांच्या मोटारीत मात्र पुढची दोन चाकं वळवावी लागतात.

यात एक गंमत आहे. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरायची. मधल्या खांबाजवळचा बैल थोडं चालायचा. कडेचा बैल जास्त चालायचा. मोटार वळते तेव्हा असंच होतं. आतल्या चाकाला लहान फेरा असतो, बाहेरच्या चाकाला मोठा. म्हणून आतलं चाक थोडं जास्त वळावं लागतं. ही युक्ती मोटार निघण्याच्या आधीची आहे. १८१७ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात लँकेन्सपर्गर नावाच्या कारागिरानं ती घोड्याच्या गाडीसाठी काढली. १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी तिच्या हक्काची नोंद केली. आजच्या मोटारींची चाकं याच युक्तीच्या आधारानं वळतात.

जुन्या पिकअपमध्ये चक्राची नळी खाली एका पेटीत जाते. तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीत दाते असतात. चक्र पुष्कळ फिरतं तेव्हा पेटीबाहेरचा दांडा थोडा हलतो. पण तो मोठ्या जोरानं हलतो. हा जोर पुढच्या दांड्यांतून चाकांपर्यंत जातो. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याला टाय रॉड म्हणतात. त्याच्या टोकांना गोळीचे सांधे असतात. त्यांना मिस्त्री लोक 'एंड' म्हणतात. आपल्या खांद्याचा सांधा जसा खोबणीत फिरतो, तसेच हे सांधे फिरतात. चाक ज्यावर वळतं, तो काही गाड्यांत किंगपिन असतो, काहींत बॉल जॉइंट असतो.

सांध्यावर रबराची टोपी असते. टोपी फाटली, की आत धूळ आणि पाणी जातं. धूळ आणि ग्रीस मिळून पालिश कागदासारखं काम करतात. गोळी घासते, खोबण रुंद होते. बंडीच्या आखाला वंगण घातलं नाही तर काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

किती ढिलेपणा चालतो?

हे घरीही पाहता येतं. गाडी सपाट जागी उभी करा. चाकं सरळ ठेवा. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना दगड लावा. पॉवर स्टिअरिंगची गाडी असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा. आता चक्र हळूच डावीउजवीकडे हलवा. दुसऱ्या माणसानं पुढच्या चाकाकडे पाहावं. चाक न हलता चक्र किती फिरतं, तेवढा ढिलेपणा.

सरकारचा याबद्दल नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला ९८ वा नियम सांगतो, की चक्राचा ढिलेपणा ३० अंशांहून जास्त नसावा. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढे हे ३० अंश. सांध्यांना रबराच्या टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात, असंही तो नियम सांगतो.

पण ही शेवटची हद्द आहे. चांगल्या गाडीत याहून पुष्कळ कमी ढिलेपणा असतो. चक्राची कड दोन बोटांहून जास्त मोकळी फिरू लागली, की मिस्त्रीला दाखवावं.

आधी दुखणं शोधा

आपला शेतकरी गाडी घेऊन गॅरेजात गेला. म्हणाला, "मिस्त्री, पेटीवरचा स्क्रू कसून द्या ना. पाच मिनिटांचं काम हाय."

मिस्त्री हसला. "भाऊ, गुडघा दुखते अन् पट्टी खांद्याले बांधता काय? आधी कुठं दुखते ते पाहू."

हा मिस्त्री शहाणा. पेटीवर एक स्क्रू असतो, हे खरं. तो कसला, की दाते जवळ येतात. पण ढिलेपणा पेटीत नसून सांध्यात असेल, तर स्क्रू कसून काय होणार? झिजलेला सांधा तसाच राहतो. वर स्क्रू फार कसला, तर चक्र जड होतं. वळणावर अडकतं. वळण संपल्यावर आपोआप सरळ होत नाही. दाते लवकर खराब होतात. म्हणजे एक दुखणं होतं, त्याची दोन झाली.

मिस्त्रीनं शेतकऱ्याला चक्र हळूहळू हलवायला सांगितलं. स्वतः वरून खाली एकेक जागा पाहत गेला. चक्राच्या नळीचा जोड पाहिला. पेटी चासीला घट्ट बसली आहे की नाही ते पाहिलं. मग दांडे आणि एकेक एंड हात लावून पाहिला.

"खूण ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "सांध्याचं एक अंग हालते अन् दुसरं हालत नाही, तिथं झीज."

मग त्यानं जॅक लावून पुढचं चाक उचललं. गाडीखाली मजबूत स्टँड दिला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटा रचूनही जाऊ नये. विटा फुटतात.

त्यानं चाक वर आणि खाली धरून हलवलं. चाक डुगडुगलं. मग शेतकऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला. डुगडुग थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही चाक हललं, तर दोष किंगपिनमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं. तसं हलवताना टाय रॉडचे एंड झिजले असतील तर कळतं.

पाट्यांचे बुश झिजले असले, पाट्यांचे बोल्ट सैल असले किंवा टायरात हवा कमी-जास्त असली, तरी गाडी भरकटते. म्हणून तेही पाहावं.

दुरुस्ती कशी करावी?

झिजलेला एंड बदलावा. त्यात पत्र्याची पट्टी घालून तो घट्ट करू नये. वाकलेला किंवा तडकलेला दांडा वेल्डिंग करून वापरू नये. नांगराचा फाळ तुटला, तर काम थांबतं. हा दांडा तुटला, तर जीव जातो.

नटामध्ये अडकवायची कॉटर पिन दर वेळी नवी घालावी. जुनी पिन सरळ करून घातली, तर ती मोडते, आणि नट सुटू लागतो. किंगपिन आणि तिचे बुश मापात बसवावे लागतात. ते काम साधनं असलेल्या गॅरेजातच करून घ्यावं.

सगळे सांधे ठीक झाले, तरी ढिलेपणा उरला, तर मग पेटीकडे वळावं. पेटीतलं तेल पाहावं. कमी असलं तर गळती कुठं आहे ते शोधावं. चाकं सरळ ठेवून स्क्रू अगदी थोडा थोडा कसावा. दर वेळी चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावं. कुठंही अडकलं, तर स्क्रू मागं घ्यावा. सरळ जाताना ढिलं आणि वळताना जड असं झालं, तर दाते संपले. पेटी दुरुस्त करावी किंवा बदलावी.

काम झाल्यावर चाकांची सरळाई, म्हणजे अलाइनमेंट, तपासून घ्यावी. टाय रॉडचे एंड बदलले, की चाकांचा कोन बदलतो. तो चुकला, तर नवे टायर एका कडेनं झिजतात.

आपल्या शेतकऱ्याच्या गाडीत दोन एंड झिजले होते आणि एका चाकाचं बेअरिंग सैल होतं. पेटी चांगली होती. स्क्रूला हातही लावावा लागला नाही. तो कसला असता, तर चांगली पेटी बिघडली असती आणि झिजलेले एंड तसेच राहिले असते.

परत निघताना मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जिथं ग्रीसची निपल हाय, तिथं वेळेवर ग्रीस भरत जा. रबराची टोपी फाटली, की एंड सडायची वाट नका पाहू."

शेतकरी घरी निघाला. चक्र सरळ धरलं, की गाडी सरळ जात होती. थोडं फिरवलं, की लगेच वळत होती. कासरा पुन्हा हातात आला होता.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर ज्या खांद्यांनी ओझं ओढलं, त्यांची काळजी घेतो. मोटारीचेही सांधे वर्षभर ओझं सोसतात. हंगामाच्या आधी एक दिवस त्यांच्यासाठी काढा. पहिलं पोतं गाडीत टाकण्याआधी चक्र हलवून पाहा. दोन बोटांहून जास्त मोकळं फिरलं, तर पोतं खाली ठेवा आणि आधी गॅरेज गाठा.